दुकानामागचा स्टुडिओ

मेम्फिसच्या दक्षिण भागात, ९२६ ईस्ट मॅक्लेमोर अव्हेन्यू या पत्त्यावर कॅपिटल नावाचं सिनेमा थिएटर होतं. धंदा बसल्यामुळे ते बंद पडलं होतं. १९६० साली एका भावाबहिणीनं ते महिना दीडशे डॉलर भाड्यानं घेतलं. खुर्च्या उखडून काढल्या, पडद्याच्या जागी मंचावर कंट्रोल रूम केली, आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर जाड पडदे सोडले. जमिनीचा उतार मात्र तसाच राहिला, कारण ती सपाट करून घ्यायला पैसे नव्हते. दर्शनी बाजूला, जिथं पूर्वी पॉपकॉर्न आणि गोळ्या-चॉकलेटं विकली जायची, तिथं रेकॉर्डींचं छोटं दुकान थाटलं.

त्या थिएटरात तयार झालेलं संगीत पुढं ‘मेम्फिस सोल’ म्हणून जगभर गेलं. कंपनीचं नाव स्टॅक्स. ओटिस रेडिंग, सॅम अँड डेव्ह, कार्ला थॉमस, आयझॅक हेज, स्टेपल सिंगर्स ही सगळी तिथली नावं. ऱ्हिदम अँड ब्लूजच्या इतिहासात स्टॅक्सवर उदंड लिहिलं गेलं आहे, आणि बहुतेक लेखन स्टुडिओत काय घडलं याभोवतीच फिरतं. पण स्टॅक्स समजून घ्यायचं तर आधी त्या दर्शनी दुकानात शिरायला हवं असं मला वाटतं. तिथं गल्ल्यावर एस्टेल ॲक्स्टन बसत. स्टॅक्सच्या इतिहासात जेवढं श्रेय त्यांना मिळतं, त्याच्या दुप्पट त्यांचं आहे.

एस्टेल यांचा जन्म १९१८चा, धाकट्या जिम स्टुअर्टचा १९३०चा. टेनेसीमधल्या मिडलटन या खेड्यातलं हे गोरं शेतकरी कुटुंब. जिम कंट्री संगीतात फिडल वाजवायचे आणि दिवसा बँकेत नोकरी करायचे. १९५७ मध्ये त्यांनी ‘सॅटेलाइट’ नावानं रेकॉर्ड कंपनी काढली, पण हाताशी धड यंत्रही नव्हतं. एस्टेलही दुसऱ्या एका बँकेत कामाला होत्या, दोन मुलांची आई होत्या. भावाच्या छंदासाठी त्यांनी स्वतःचं राहतं घर दुसऱ्यांदा गहाण टाकलं आणि त्या पैशातून ॲम्पेक्स कंपनीचं टेपयंत्र आलं. चाळिशीला टेकलेल्या बाईनं १९५८ साली, अमेरिकेच्या दक्षिणेत हा निर्णय घेतला, ही गोष्ट मला कुठल्याही गाजलेल्या गाण्याइतकीच मोठी वाटते. पुढं कॅलिफोर्नियात आणखी एक सॅटेलाइट कंपनी निघाल्यामुळे नाव बदलावं लागलं. स्टुअर्टमधला ‘स्ट’ आणि ॲक्स्टनमधला ‘ॲक्स’ घेऊन १९६१ मध्ये स्टॅक्स झालं.

तोवर या भावाबहिणीचा कृष्णवर्णीयांच्या संगीताशी फारसा संबंध आला नव्हता. मेम्फिस मात्र त्या संगीताचं माहेरघर होतं. मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांवरून उत्तरेकडे निघालेली माणसं आधी इथं थांबत, बील स्ट्रीटवर ब्लूज रात्रभर चाले, आणि डब्ल्यूडीआयए हे संपूर्णपणे कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी चालणारं अमेरिकेतलं पहिलं रेडिओ स्टेशन याच शहरातलं. ‘बिलबोर्ड’ साप्ताहिक कृष्णवर्णीयांच्या रेकॉर्डींची यादी ‘रेस रेकॉर्ड्स’ या नावाखाली छापायचं. १९४९ साली जेरी वेक्सलर या तरुण पत्रकाराच्या सूचनेवरून ते नाव बदलून ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ करण्यात आलं. हा वेक्सलर पुढं न्यूयॉर्कच्या अटलांटिक रेकॉर्ड्समध्ये भागीदार झाला. स्टॅक्सच्या भाग्याचा आणि दुर्भाग्याचाही तो एक सूत्रधार, म्हणून त्याचं नाव ध्यानात ठेवावं.

मॅक्लेमोर अव्हेन्यूच्या आसपासची वस्ती तेव्हा झपाट्यानं बदलत होती. गोरी कुटुंबं घरं विकून उपनगरांकडे निघाली होती आणि कृष्णवर्णीय कुटुंबं राहायला येत होती. शाळा सुटली की मुलं दुकानात गर्दी करत. त्या काळी सिंगल रेकॉर्ड घेण्याआधी दुकानात वाजवून ऐकायची मुभा असे, आणि एस्टेल ती अगदी सढळ हातानं द्यायच्या. विकत घेणारी मुलं थोडी, ऐकणारी पुष्कळ. कुणाला हाकलायचं नाही. पोरं त्यांना ‘लेडी ए’ म्हणू लागली. एका स्पीकरचं तोंड रस्त्याकडे असायचं, त्यामुळे येणारेजाणारेही थबकत.

या दुकानानं दोन कामं केली. पहिलं काम माणसं आणण्याचं. स्टुडिओत जायची वाट दुकानाशेजारूनच जायची. कुणाला गायचं असेल, कुणी गाणं लिहिलं असेल, तर आधी लेडी एंच्या कानावर घालायचं. बुकर टी. जोन्स हा शाळकरी मुलगा इथं तासन्‌तास रेकॉर्डी ऐकत उभा असायचा. रस्त्यापलीकडच्या किराणा दुकानात डेव्हिड पोर्टर नावाचा मुलगा सामान भरून द्यायचा. तो गाण्याच्या वेडापायी रस्ता ओलांडून आला आणि पुढं आयझॅक हेजबरोबर त्यानं स्टॅक्सची सर्वांत गाजलेली गाणी लिहिली. गिटारवादक स्टीव्ह क्रॉपर सुरुवातीला दुकानात विक्रेता होता. गीतकार होमर बँक्स आणि पुढं कंपनीची प्रसिद्धी सांभाळणाऱ्या डीनी पार्कर यांनीही याच काउंटरमागे काम केलं.

दुसरं काम कानाचं. मागे एखादं गाणं मुद्रित झालं की त्याची कच्ची तबकडी कापून दुकानात आणायची, काही न सांगता लावायची आणि गिऱ्हाइकांकडे बघत राहायचं. पोरांचे पाय हलतात का? कुणी विचारतं का, की हे कुणाचं? नाही विचारलं तर गाणं परत मागे. शिवाय इतर कंपन्यांच्या ज्या रेकॉर्डी धडाक्यानं खपत, त्या घेऊन एस्टेल गीतकारांना बसवत आणि त्या का खपतात याची चिरफाड करायला लावत. सुरुवात कशी आहे, ध्रुवपद किती वेळानं येतं, शब्द कुणाच्या तोंडचे वाटतात. डेव्हिड पोर्टरसारख्या मुलांची ही खरी शाळा. बाजारपेठ जोखण्याची यापेक्षा प्रामाणिक पद्धत मला तरी माहीत नाही, कारण इथं जोखणारी आणि विकत घेणारी माणसं एकाच गल्लीत राहत होती.

पहिलं यशही वस्तीनंच आणून दिलं. रुफस थॉमस हे डब्ल्यूडीआयएवरचे लोकप्रिय निवेदक, आणि दिवसा कापड गिरणीत नोकरीला. १९५३ मध्ये त्यांनी याच शहरातल्या सन रेकॉर्ड्सला पहिलं मोठं यश मिळवून दिलं होतं. पण एल्व्हिस प्रेस्ली गाजल्यावर सनचं लक्ष गोऱ्या गायकांकडे वळलं आणि रुफससारखे मागे पडले. त्यांना ते आयुष्यभर डाचलं. १९६० मध्ये ते मुलगी कार्लाला घेऊन मॅक्लेमोरवर आले आणि दोघांनी एक युगुलगीत मुद्रित केलं. त्यात बॅरिटोन सॅक्सोफोन हवा होता. डेव्हिड पोर्टर धावत शाळेत गेला आणि वर्गातून बुकर टी.ला घेऊन आला. रेकॉर्ड मेम्फिसमध्ये खपली, ते वेक्सलरच्या कानी गेलं आणि अटलांटिकनं वितरणासाठी हात पुढं केला. करार तोंडी झाला.

दोन वर्षांनी, १९६२ च्या उन्हाळ्यात, दुसऱ्याच एका गायकाचं रेकॉर्डिंग बारगळलं आणि साथीला बोलावलेले चौघे रिकामे बसले होते. ऑर्गनवर बुकर टी., गिटारवर क्रॉपर, बासवर लुई स्टाइनबर्ग, ड्रमवर अल जॅक्सन. वेळ घालवायला ते एक ब्लूज वाजवत होते. जिम यांनी बटण दाबलं. रेकॉर्डच्या मागल्या बाजूला काहीतरी हवं म्हणून बुकर टी.नं ऑर्गनवरची आपली एक चाल काढली. तीच ‘ग्रीन अनियन्स’. क्रॉपरनं तिची तबकडी डब्ल्यूएलओके रेडिओवर नेली, निवेदकानं ती पुन्हापुन्हा लावली आणि फोन खणखणू लागले. मग बाजू बदलली गेली. ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत ती पहिली आली, सर्वसाधारण यादीत तिसरी. बुकर टी. तेव्हा सतरा वर्षांचा होता. पैसे येऊ लागले तरी तो इंडियाना विद्यापीठात संगीत शिकायला गेला आणि सुट्यांना येऊन रेकॉर्डिंग करत राहिला.

‘बुकर टी. अँड द एमजीज’ ही चौकडी पुढं स्टॅक्सच्या जवळजवळ प्रत्येक रेकॉर्डवर आहे. काही वर्षांनी बासवर डोनाल्ड ‘डक’ डन आला आणि दोन कृष्णवर्णीय, दोन गोरे असा संच झाला.

त्यांचं वाजवणं जवळून ऐकण्यासारखं आहे. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या रेकॉर्डीत व्हायोलिनं, कोरस, डफ असा भरगच्च थाट असतो. स्टॅक्सच्या रेकॉर्डीत मोकळी जागा पुष्कळ. क्रॉपर क्वचितच सोलो वाजवतो. दोनतीन सुरांचा तुकडा टाकायचा आणि थांबायचं. कोरसच्या जागी ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन, वेन जॅक्सन आणि अँड्र्यू लव्ह यांचे. कागदावर स्वरलेखन नाही, सगळं तिथल्या तिथं तोंडी ठरायचं. आणि खाली अल जॅक्सनचा ड्रम. चार मात्रांच्या ठेक्यात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर ड्रमचा ठोका पडतो. जॅक्सन तो केसभर उशिरा द्यायचा. लय ढळायची नाही, पण ठोका यायला वेळ लागतोय असं वाटून ऐकणाऱ्याचं शरीर आपोआप पुढं झुकतं. १९६५ मध्ये विल्सन पिकेटच्या ‘इन द मिडनाइट अवर’च्या वेळी वेक्सलरनं कंट्रोल रूममधून बाहेर येऊन, न्यूयॉर्कची पोरं सध्या कशी नाचतात ते स्वतः नाचून दाखवलं. त्यावरून क्रॉपर आणि जॅक्सन यांनी हा उशीर पक्का केला. दोघांनी एकाच क्षणी उशीर करायचा, तर एकमेकांवर नजर हवी. मोठ्या उतरत्या खोलीत, सगळे एकाच वेळी वाजवत असताना, क्रॉपर जॅक्सनच्या हाताकडे बघून गिटारचा झटका द्यायचा. ‘मिडनाइट अवर’ ऐकताना फक्त स्नेअरकडे कान द्या. गिटार आणि ड्रम वेगळे काढता येत नाहीत.

ओटिस रेडिंग या खोलीत आला तो दुसऱ्याचा ड्रायव्हर म्हणून. १९६२ मध्ये जॉर्जियातल्या मेकनहून जॉनी जेंकिन्स या गिटारवादकाला तो गाडीनं घेऊन आला. जेंकिन्सचं रेकॉर्डिंग रंगलं नाही. दिवस संपत आला तेव्हा, मलाही एकदा ऐका, या त्याच्या लकड्यामुळे त्याला संधी मिळाली. बुकर टी. निघून गेला होता, म्हणून क्रॉपर पियानोवर बसला. ‘दीज आर्म्स ऑफ माइन’ तेव्हाचं. पुढं पाच वर्षं हाच आवाज कंपनीचा कणा होता. ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या जागा तो स्वतः गाऊन दाखवायचा. १९६५ चा ‘ओटिस ब्लू’ हा अल्बम जवळपास एका दिवसारात्रीत झाला. १९६७ च्या वसंतात स्टॅक्सची मंडळी युरोपच्या दौऱ्यावर गेली. दक्षिणेत अनेक हॉटेलांत ज्यांना एकत्र उतरता येत नसे, त्यांना लंडन-पॅरिसमध्ये तुडुंब भरलेली सभागृहं दिसली. जूनमध्ये मॉन्टेरेच्या महोत्सवात ओटिसनं गोऱ्या तरुणाईलाही जिंकलं. १० डिसेंबर १९६७ रोजी विस्कॉन्सिनमध्ये मोनोना तलावाच्या गारठलेल्या पाण्यात त्याचं विमान कोसळलं. ओटिस २६ वर्षांचा होता. त्याच्यासोबत बार-केज या साथीच्या वाद्यवृंदातली चार पोरंही गेली, मेम्फिसचीच. ट्रम्पेटवादक बेन कॉली एकटा वाचला. अवघ्या तीन दिवसांपूर्वी पुरं केलेलं ‘डॉक ऑफ द बे’ क्रॉपरनं त्याच आठवड्यात मिसळून, लाटांचा आणि समुद्रपक्ष्यांचा आवाज घालून न्यूयॉर्कला पाठवलं. गायकाच्या मृत्यूनंतर अमेरिकी यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेलं ते पहिलं गाणं.

दाराबाहेरचं मेम्फिस विसरून हे सगळं सांगता येणार नाही. या शहरातल्या प्राणिसंग्रहालयात अनेक वर्षं कृष्णवर्णीयांना आठवड्यातून एकच दिवस प्रवेश होता. गोऱ्यांनी आणि कृष्णवर्णीयांनी एका टेबलावर जेवावं अशा जागा मोजक्या. त्यातलं एक लोरेन मोटेल. स्टॅक्सची मंडळी तिथं जेवत, पाहुणे तिथं उतरत. ‘मिडनाइट अवर’ आणि ‘नॉक ऑन वूड’ ही दोन्ही गाणी लोरेनच्या खोल्यांत लिहिली गेली. ४ एप्रिल १९६८ रोजी सफाई कामगारांच्या संपासाठी आलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांना त्याच मोटेलच्या सज्जात गोळी घातली गेली. कामावर दोन सफाई कामगार गाडीच्या यंत्रात चिरडून मेले, तिथून तो संप पेटला होता. किंग यांच्या हत्येनंतरच्या दंगलीत मॅक्लेमोरवरच्या दुकानांना झळ बसली, स्टॅक्सला कुणी हात लावला नाही. पण स्टुडिओतलं मन दुभंगलं. आयझॅक हेज यांना त्यानंतर वर्षभर काही लिहिता आलं नाही.

याच काही महिन्यांत आणखी एक घाव बसला, तो कागदाचा. अटलांटिकबरोबरचा तोंडी व्यवहार १९६५ मध्ये, जिम यांच्याच आग्रहावरून लेखी झाला होता. वेक्सलर अटलांटिकमधून गेला तर आपल्याला बाहेर पडता यावं, एवढीच त्यांना तरतूद हवी होती. वकिलाला न दाखवता, नीट न वाचता त्यांनी सही केली. १९६७ मध्ये अटलांटिक वॉर्नर ब्रदर्स-सेव्हन आर्ट्सला विकली गेली आणि स्टॅक्सनं वेगळं व्हायचं ठरवलं, तेव्हा त्या करारातलं एक कलम समोर आलं. अटलांटिकनं वितरित केलेल्या सर्व ध्वनिमुद्रणांची मालकी अटलांटिकची. ओटिसची सगळी गाणी, ‘ग्रीन अनियन्स’, सगळं. सॅम अँड डेव्ह मुळात अटलांटिकचेच, स्टॅक्सला उसने दिलेले होते, तेही परत गेले. त्या कलमाची आपल्यालाही कल्पना नव्हती, असं वेक्सलर पुढं सांगत राहिला. तसं असेलही. पण कल्पना आल्यावर अटलांटिकनं मालकी परत केली नाही, हे माझ्या लेखी जास्त महत्त्वाचं आहे. ज्या पोरांचे पाय हलताना बघून ती गाणी निवडली गेली होती, त्यांच्या वस्तीतून ती एका सहीनं गेली.

तिथून कंपनी उभी केली अल बेल यांनी. लिटल रॉकचे, रेडिओ निवेदक, १९६५ पासून स्टॅक्सचे विक्री-प्रसिद्धी प्रमुख, उंचेपुरे आणि बोलण्यात भारी. १९६९ च्या मध्यावर त्यांनी एकदम २७ अल्बम बाजारात आणून रिकामं कपाट भरून काढलं. त्यांतल्या आयझॅक हेज यांच्या ‘हॉट बटर्ड सोल’मध्ये फक्त चार गाणी होती, एक तर अठरा मिनिटांहून मोठं. तीन मिनिटांच्या सिंगलवर चालणाऱ्या धंद्यात हे क्वचितच कुणी केलं होतं, आणि अल्बम दहा लाखांवर खपला. १९७२ मध्ये ‘शाफ्ट’ या चित्रपटाच्या शीर्षकगीतासाठी हेज यांना ऑस्कर मिळालं. पण एस्टेल आणि बेल यांचं जमलं नाही. १९६९ मध्ये त्या आपला हिस्सा विकून बाहेर पडल्या. माझ्या मते स्टॅक्सचा पाया तिथं खचला, खपाचे आकडे वाढत असले तरी. नव्या स्टॅक्सला देशभराची बाजारपेठ दिसत होती, समोरचा फुटपाथ नाही.

तरीही बेल यांच्या काळातला एक दिवस मला फार मोलाचा वाटतो. २० ऑगस्ट १९७२. लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीतल्या १९६५ च्या उठावाच्या स्मरणार्थ स्टॅक्सनं त्याच शहरातल्या कोलिसियम स्टेडियममध्ये ‘वॉटस्टॅक्स’ हा दिवसभराचा जलसा केला. तिकीट एक डॉलर. लाखभर माणसं आली, कुटुंबंच्या कुटुंबं. गाण्यांच्या आधी नागरी हक्क चळवळीतले नेते जेसी जॅक्सन यांनी सगळ्या मैदानाकडून स्वाभिमानाची घोषणा वदवून घेतली. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार यांनी दलित पँथर उभी केली. नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं. त्या काळाची हवा माहीत असलेल्या मराठी माणसाला वॉटस्टॅक्सवर निघालेल्या चित्रपटातले उंचावलेले हात परके वाटणार नाहीत.

पुढची घसरण थोडक्यात सांगतो. १९७२ मध्ये वितरण सीबीएस या रेकॉर्ड कंपनीकडे गेलं. तिथला स्टॅक्सचा पाठीराखा क्लाइव्ह डेव्हिस वर्षभरात नोकरीवरून गेला आणि रेकॉर्डी दुकानांपर्यंत पोचेनाशा झाल्या. कर्ज साचलं ते युनियन प्लांटर्स बँकेचं, म्हणजे एस्टेल जिथं एकेकाळी नोकरी करायच्या त्याच बँकेचं. १ ऑक्टोबर १९७५ रोजी अल जॅक्सन यांचा त्यांच्या घरात गोळी घालून खून झाला. त्याच डिसेंबरात न्यायालयाच्या आदेशानं स्टॅक्सला टाळं लागलं. बेल यांच्यावर बँकेच्या फसवणुकीचा खटला चालला, त्यात ते निर्दोष सुटले. जिम यांनी कंपनी वाचवायला स्वतःची मालमत्ता पणाला लावली होती, ती गेली. त्यानंतर ते लोकांसमोर फारसे आलेच नाहीत.

थिएटर १९८९ मध्ये पाडण्यात आलं. पण वस्तीतल्या आणि स्टॅक्सच्या जुन्या माणसांनी ती जागा सोडली नाही. तिथं २००० मध्ये मुलांसाठी संगीत अकादमी सुरू झाली, २००३ मध्ये मूळ जागेवर तसाच दर्शनी भाग बांधून संग्रहालय उघडलं, आणि मग शाळा. या सगळ्यामागे ज्यांनी वर्षानुवर्षं खस्ता खाल्ल्या त्यांत डीनी पार्कर आघाडीवर होत्या, एस्टेलच्या काउंटरमागे उभ्या राहिलेल्या. २०२३ मध्ये ‘रिटन इन देअर सोल’ हा सात सीडींचा संच निघाला. त्यात स्टॅक्सच्या गीतकारांनी, मोठ्या गायकांना गाणं ऐकवून दाखवण्यासाठी केलेली कच्ची मुद्रणं आहेत, शंभराहून जास्त, आणि बहुतेक कधीच बाहेर न आलेली. होमर बँक्स, बेटी क्रचर, एडी फ्लॉइड, मॅक राइस स्वतः गातात, साथीला कधी नुसती गिटार, कधी पियानो. बेटी क्रचर यांच्यासारख्या गीतलेखिकेचा स्वतःचा आवाज त्यामुळे पहिल्यांदाच एवढ्या लोकांपर्यंत पोचला. संचासोबतची टिपणं डीनी पार्कर यांनी रॉबर्ट गॉर्डन यांच्यासह लिहिली आणि त्यांना ग्रॅमी मिळालं. ज्यांना स्टॅक्स ऐकायला सुरुवात करायची आहे, त्यांनी आधी ‘ओटिस ब्लू’ ऐकावा, आणि लगेच मागोमाग हा संच.